तासाभराचा नियम

"म्हणजे मी आता फ्रिजला डोकं लावून झोपायचं?"

"डोकं कशाला लावतेस, पाय लाव," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. लेक माहेरी येतेय तर एवढं मोजमाप!"

"लेक पन्नाशीची आहे, आई. आणि एकटी येत नाहीये. वन्सं, त्यांचे यजमान, त्यांची जाऊ आणि जावेचे यजमान. चौघं. शनिवारी हॉल त्यांना दिला की मी स्वयंपाकघरात. आणि हे कुठे?"

'हे' सोफ्याच्या टोकाला बसून मोजे काढत होते. विमानतळावरून पाहुणे आणून हॉटेलाहॉटेलांत उतरवणारी बस ते चालवायचे. दोन फेऱ्यांच्या मधे तासभर घरी यायचे आणि चहा पिऊन पुन्हा जायचे.

"माझं काय, मी कुठंही झोपेन," ते म्हणाले.

ते खरंच होतं. बसच्या सीटवर, डिकीच्या झाकणाला टेकून, एकदा तर लग्नाच्या मांडवात अक्षता हातात धरून उभ्या उभ्या त्यांना झोप लागली होती. लग्न त्यांच्या स्वतःच्या मेव्हणीचं होतं.

"तुम्ही झोपाल हो. पहाटे साडेपाचला मला कामावर उभं राहायचं असतं."

"मग ती खोली आहे की," धाकटी दारात उभी राहून केस विंचरत म्हणाली. तिला आइस्क्रीमच्या काउंटरवर चारला पोचायचं होतं. "दादाची. रिकामी तर आहे."

"रिकामी नाही ती," सासूबाईंचा आवाज चढला. "माझ्या नातवाची खोली आहे. त्याचं सामान आहे तिथं. तो आला म्हणजे कुठं जाईल?"

"आजी, तीन वर्षांत तो एक रात्र तरी राहिलाय का?"

"तू मधे बोलू नकोस. केस गळतायत चहात."

धाकटीनं कंगवा पिशवीत टाकला. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मोज्यांची घडी केली, एकात एक घातली आणि म्हणाला, "बघू."

एकोणीस वर्षांत या घरात जे काही ठरलं नव्हतं, ते सगळं याच एका शब्दानं ठरलेलं नव्हतं.

तिला सगळे टॉवेलवहिनी म्हणायचे. नाव नवऱ्याबरोबरच्या ड्रायव्हरांनी पाडलं होतं आणि ते चिकटलं. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, पोहण्याच्या तलावाशेजारी, लाकडी टपरीवजा खोक्यात ती बसायची. पाहुण्याला प्लास्टिकची दोन टोकनं मिळायची. एक द्यायचं आणि कोरडा टॉवेल घ्यायचा, ओला टॉवेल द्यायचा आणि टोकन परत घ्यायचं. टोकन हरवलं तर टॉवेल नाही. नियम एवढा सोपा की तीन वर्षांच्या पोरांना कळायचा. त्यांच्या वडलांना मात्र दरवेळी समजावून सांगावा लागायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता, धाकटी कडेवर होती. नवरा दोन वर्षं आधी आलेला. पहिली नऊ वर्षं तिनं त्याच हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्यात काढली. तिथं खिडकी नव्हती. ओल्या चादरींची एक ढकलगाडी दोन माणसांच्या वजनाची, आणि अशा दिवसाला चाळीस. उजवं मनगट आणि कंबर तिनं तिथंच ठेवली, असं ती म्हणायची. मग तलावावरची बाई बाळंतपणाला गेली ती आलीच नाही, आणि हिला वर बोलावलं. पहिल्या दिवशी ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा ती घाबरली होती.

भाषा ती कामापुरती शिकली, पण कामापुरती चार भाषांत शिकली. "तुमचं सामान काउंटरवर सुरक्षित आहे" हे वाक्य ती चारही भाषांत इतकं स्वच्छ म्हणायची की पाहुण्यांना वाटायचं हिला आपली भाषा येते, आणि ते पुढे तावातावानं बोलत सुटायचे. मग ती तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

त्या वाक्याचं कारण वेगळं होतं. तलावाभोवती पडून राहायच्या लांब खुर्च्या दोनशे दहा आणि पाहुणे सहाशे. गावाकडे बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. पहाटे सहाला गोरेगोमटे, चांगले शिकलेसवरलेले लोक अर्ध्या चड्डीत धावत यायचे, छत्रीखालच्या खुर्चीवर टॉवेल टाकायचे, वर एखादं पुस्तक नाहीतर चप्पल ठेवायचे आणि परत जाऊन झोपायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टपरीत तोंडाला फडकं लावून हसली होती. माणसं इथूनतिथून सारखीच, एवढं त्या दिवशी तिला कळलं, आणि परक्या देशाची तिची भीती त्यानंतर बरीच कमी झाली.

यावर हॉटेलचा नियम होता तासाभराचा. सकाळी सातला ती हातात पाटी-पेन्सिल घेऊन फेरी मारायची. ज्या खुर्चीवर टॉवेल आहे आणि माणूस नाही, तिचा नंबर आणि वेळ लिहायची. तासाभरानं पुन्हा जायची. टॉवेल तसाच असला तर उचलायचा, झटकायचा, चौपदरी घडी करायची, वरचं पुस्तक-चप्पल-चष्मा त्यावर ठेवायचं आणि टपरीतल्या फळीवर नेऊन लावायचं. खुर्चीवर चिठ्ठी ठेवायची. की खुर्ची मोकळी. कोणाची, कशासाठी, पुन्हा येणार होता का, हे विचारायचं नाही. राग धरायचा नाही आणि दयाही करायची नाही. दया केली की दुसऱ्या दिवशी तोच माणूस दोन टॉवेल टाकतो, हे ती अनुभवानं शिकली होती. सामान मात्र कधी हरवलं नाही. दहा वर्षांत एक चप्पलसुद्धा नाही.

छत्र्या उघडणारा म्हातारा, जो तिसऱ्याच कुठल्या देशातून आलेला होता, तो तिला म्हणायचा, "तू पोलिसात जायला हवं होतंस."

"पोलीस सामान परत देत नाहीत," ती म्हणायची.

असं सगळं बरं चाललं होतं, पण या मोसमात झोपेनं दावा साधला.

घर तीन खोल्यांचं. खाली फुगवायची चाकं, बादल्या-फावडी आणि उन्हाच्या टोप्या विकणारं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर हे. आतल्या एका खोलीत सासूबाई आणि धाकटी. धाकटीला दादाची खोली कधीच नको होती, कारण तिथं वायफाय येत नाही आणि, तिच्या मते, बुटांचा वास येतो. दुसरी खोली थोरल्याची, बंद. हॉलमध्ये सोफ्यावर ही आणि खाली गादीवर नवरा. सासूबाईंची मालिका संध्याकाळी लागायची ती मोसमात दुकानाच्या गाण्यांवर मात करत मोठ्यानं चालायची. ती संपते तोवर धाकटी यायची, दिवा लावून जेवायची. धाकटी आडवी होते तोवर शेवटची फेरी करून नवरा यायचा आणि दबक्या पावलांनी नेमका चार्जरच्या वायरीत अडकायचा. सव्वाचारला हिचा गजर. चार तास सलग झोप मिळाली तर तो सण.

आणि मागच्या बुधवारी, अकराच्या उन्हात, काउंटरवर डोकं ठेवून ती झोपली. किती वेळ, तिला माहीत नाही. एका पाहुण्यानं फोटो काढून स्वागतकक्षात दाखवला. तोंड उघडं होतं म्हणे.

मॅनेजर मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या. पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "हे पहिलं. पुन्हा झालं तर मी तुला तलावावर ठेवू शकणार नाही. खाली जागा आहे, धुलाईत. तिथं पाहुणे नसतात."

धुलाई. बावन्नाव्या वर्षी. ढकलगाडी. तिनं मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं आणि म्हणाली, "नाही होणार."

घरी येऊन तिनं हे सांगितलं होतं. नवरा "बघू" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी झोपत जा की." दुपारी झोपायला ती परत आली की सासूबाईंना भेटायला खालच्या मजल्यावरची म्हातारी येऊन हॉलमध्ये बसायची. तिला ऐकू कमी यायचं.

आणि आता वन्सं.

समुद्राकाठी राहणाऱ्याला नातेवाईक फार. तेच जर कोळशाच्या खाणीपाशी घर असतं, तर पत्रसुद्धा आलं नसतं, असं ती एकदा बोलून गेली होती आणि ते वन्संपर्यंत पोचलं होतं. तरी वन्सं येतच होत्या. चिडून, पण येतच होत्या.

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिनं पाटीवर लिहिलं, 'एकशे अठ्ठेचाळीस'. तिसऱ्या रांगेतली छत्रीखालची खुर्ची. वर टॉवेल होता, माणूस नव्हता. त्यावर काय आहे ते तिनं तेव्हा नीट पाहिलं नाही, कारण पलीकडे दोन बायका एकाच खुर्चीचे दोन पाय धरून उभ्या होत्या आणि त्यांना सोडवायचं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती परत आली. टॉवेल तसाच. वर एक चष्म्याची पिशवी.

पडद्याचं कापड होतं. पांढऱ्यावर निळ्या होड्या. पिशवीला बटण लावलेलं होतं, नारिंगी, ड्रायव्हरच्या गणवेशाचं.

ते बटण तिनं स्वतः लावलं होतं. सासूबाईंनी थोरल्याच्या खोलीचे पडदे शिवले, त्यातून उरलेल्या तुकड्याची ती पिशवी, तो अकरा वर्षांचा असताना, पहिला चष्मा लागला तेव्हाची. निळं बटण मिळालं नव्हतं म्हणून तो रुसला होता.

ती उभी राहिली. पाण्याकडे पाहिलं, नाश्त्याच्या दालनाकडे पाहिलं. पाटीवरची वेळ पुन्हा वाचली. मग ती पुढच्या रांगेत गेली, चार टॉवेल उचलले, फळीवर लावले आणि पुन्हा एकशे अठ्ठेचाळीसपाशी आली. आठ वीस झाले होते. दहा वर्षांत तिनं कुणाला दहा मिनिटं जास्त दिली नव्हती.

मग तिनं टॉवेल उचलला, झटकला, चौपदरी घडी केली, पिशवी वर ठेवली. खुर्चीवर चिठ्ठी ठेवली. लगेच एक जाड गृहस्थ तिथं येऊन पसरले.

साडेनऊला तो आला. अनवाणी, ओले केस कपाळाला चिकटलेले, हातात चिठ्ठी, कोणाशी तरी मागे वळून हसत. वळला आणि ती दिसली.

"आई."

"टोकन," ती म्हणाली. तोंडून सवयीनं गेलं.

त्यानं खिशातून उरलेलं टोकन काढून काउंटरवर ठेवलं. दोघंही त्या टोकनाकडे बघत राहिली.

"मला वाटलं गुरुवारी तुझी सुट्टी असते," तो म्हणाला.

"मंगळवारी असते. दोन वर्षं झाली."

"ऑफिसची सहल आहे गं. हॉटेल त्यांनीच ठरवलं. मी सांगणार होतो."

"कधी आलास?"

"सोमवारी."

"जेवण बरं आहे ना?"

"बरंय."

"नाश्त्याला साडेसातच्या आत जात जा. नंतर फळं संपतात."

तो हो म्हणाला. त्याच्या मागे एक मुलगी टोकन घेऊन उभी राहिली, ते ठेवून घेत हिनं कोरडा टॉवेल दिला, मुलगी गेली. तो बाजूला उभा होता, लहानपणी धुलाईखान्याच्या जिन्यावर वाट बघत उभा राहायचा तसा, एका पायावर.

"तू रागावलीस," तो म्हणाला.

"उन्हात आहेस. इकडे सावलीत ये."

तो टपरीच्या छपराखाली आला. "घरी यायचं म्हटलं ना आई, की मला धडकी भरते. मागच्या खेपेला दुपारी जरा आडवा झालो, तर आजी दर दहा मिनिटांनी दार उघडून बघायची. आहे ना, म्हणून. आणि ती खोली तशीच्या तशी. माझं शाळेचं वेळापत्रक अजून भिंतीवर आहे. मंगळवारी पहिला तास गणिताचा. मला तिथं श्वास घेता येत नाही."

"पुसते ती रोज. वेळापत्रकसुद्धा."

"मला माहितीय." त्यानं चष्म्याची पिशवी उचलून बटण अंगठ्यानं फिरवलं. "ही मात्र मी वापरतो."

"दिसलं."

"त्या खोलीचं काय करायचं ते करा तुम्ही. मी नाही येणार गं तिथं राहायला. आलो तर जेवायला येईन, जाईन. तू का नाही वापरत ती? हल्ली कुठं झोपतेस तू?"

"सोफ्यावर."

"अजून?"

एक आजोबा हरवलेल्या टोकनाची कहाणी घेऊन आले होते, ती चारपैकी एका भाषेत ऐकून घेतली, नाही म्हटलं. आजोबा तणतणत गेले.

"आजीला सांगू नकोस हं," तो म्हणाला. "मी इथं होतो ते."

"मी खोटं बोलणार नाही. विचारलं तर सांगेन. विचारलं नाही तर आपणहून सांगणार नाही." मग टॉवेलांच्या कडा जुळवत ती म्हणाली, "दर रविवारी फोन करत जा तिला. दहा मिनिटं. गुडघ्यांचं विचार. तेवढ्यावर ती आठवडा काढेल."

"करेन."

त्या 'करेन'वर तिनं फार भिस्त ठेवली नाही. पण वाईट हेतूनं बोलला नव्हता, एवढं तिला कळलं. उद्या संध्याकाळी परत निघणार होता. त्यानं काउंटरवरून वाकून तिच्या खांद्याला खांदा लावला, ओला, क्लोरिनच्या वासाचा, आणि गेला. कोरडा टॉवेल न्यायचा विसरला. तिनं छत्रीवाल्या म्हाताऱ्याच्या हाती पाठवून दिला.

म्हातारा परत येऊन म्हणाला, "तुझ्यासारखं नाक आहे त्या पोराला."

"वडलांवर गेलाय," ती म्हणाली. "नाक सोडून."

शुक्रवारी ती दोनदा पेंगली. दुसऱ्यांदा म्हाताऱ्यानं ओली टोपी फेकून मारली म्हणून जाग आली, आणि डोळे उघडले तर पंधरा पावलांवर मॅडम कोणाशी तरी बोलत पाठमोऱ्या उभ्या. तिनं टोपी पिळून परत दिली. मग सुटेपर्यंत ती खाली बसलीच नाही.

घरी येताना ती चढावर कुठंही थांबली नाही.

सासूबाई खालच्या म्हातारीकडे गेल्या होत्या. शुक्रवारी त्यांचा तिथं पत्त्यांचा डाव असायचा, सहापर्यंत. धाकटी कामावर. ती चपला काढून सरळ थोरल्याच्या खोलीत गेली आणि दार उघडं ठेवूनच उभी राहिली.

खोली स्वच्छ होती. रोज पुसलेल्या वस्तूंना येतो तसा एक पिवळट गुळगुळीतपणा सगळ्याला आलेला. दुकानातल्या बाईकडून तिनं दोन मोठी खोकी मागून आणली होती, त्यांवर फुगवायच्या मगरीचं चित्र होतं. ती कामाला लागली. बॅट. तारा नसलेली गिटार, ती दोन महिनेच वाजवली होती आणि घरानं ते सुख मानलं होतं. हेडफोनचं रिकामं खोकं, जे त्यानं का ठेवलं ते कोणालाच माहीत नव्हतं, तेही तिनं टाकलं नाही. एक बूट, मग पलंगाखाली दुसरा. शर्ट चार, ते झटकून चौपदरी घडी करून. पोहण्याच्या स्पर्धेतलं प्रशस्तिपत्र, त्याची काच वर्तमानपत्रात गुंडाळून. वेळापत्रक भिंतीवरून सोडवताना कोपरा फाटेल म्हणून तिनं आधी ओल्या फडक्यानं चिकटपट्टी भिजवली.

कुठलीही वस्तू हातात धरून ती आठवणीत रमली नाही. तशी सवयच गेली होती. एखाद्या टॉवेलावर दहा मिनिटं थांबायचं तर ते कालच थांबून झालं होतं.

खोक्यांवर जाड पेनानं तिनं थोरल्याचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'सुरक्षित'. आणि दोन्ही गॅलरीत नेऊन, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, वर जुनी चादर टाकून ठेवली. पलंगावरची गादी उलटी केली. गादीच्या एका कोपऱ्याला दुकानाचं प्लास्टिक अजून तसंच होतं, ते कात्रीनं कापलं. चादर घातली ती हॉटेलात घालतात तशी, कोपरे दाबून, नाणं टाकलं तर उडेल अशी. आपली उशी आणली. गजराचं घड्याळ आणलं. खिडकीला होड्यांचे पडदे तेवढे राहिले. ते चांगले होते, जाड होते, उजेड अडवत होते.

सहाला सासूबाई आल्या. पत्त्यांत जिंकल्या होत्या, खुशीत होत्या. उद्या लेक येणार म्हणून चादरी कोणत्या काढायच्या त्याची यादी सांगत आत आल्या आणि सवयीनं नातवाच्या दाराकडे वळून पाहिलं. दार उघडं. भिंत मोकळी. वेळापत्रकाच्या जागी भिंतीचा एक ताजा, मूळच्या रंगाचा चौकोन.

त्या आत जाऊन पलंगाच्या कडेला हात लावून आल्या. मग गॅलरीत गेल्या, चादर उचलून पाहिली, पुन्हा नीट झाकली. जेवायला बसेपर्यंत गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की घरात भांडीसुद्धा बेतानं वाजायची.

जेवायला त्या दिवशी चौघंही होती. धाकटीला वरिष्ठांनी लवकर सोडलं होतं, नवऱ्याचं विमान दोन तास उशिरा होतं. बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि खालच्या दुकानातून तेच गाणं तिसऱ्यांदा येत होतं.

"आपल्या घरात," सासूबाई पहिल्या घासानंतर म्हणाल्या, "हल्ली न विचारता गोष्टी होतात."

नवऱ्यानं ताटात पाहिलं. धाकटीनं आईकडे पाहिलं आणि हसू दाबायला पाणी प्यायली.

"त्याला विचारलंस का?" सासूबाईंनी सुनेला विचारलं. "ज्याची खोली, त्याला?"

प्रश्न समोर आला होता. खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. ती म्हणाली, "तो म्हणाला, वापर."

"कधी? फोन आला होता? मला का नाही दिलास?"

"फोन नव्हता. भेटला."

नवऱ्याचा घास हातात राहिला. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि नातू गावात येऊनही घरी आला नाही, हा हिशेब त्यांच्या तोंडावर आपोआप लागत गेला. तिला वाटलं, आता कुठे, कसा, कोणाबरोबर, सगळं विचारतील. सासूबाईंनी फक्त एकच विचारलं. "बारीक झालाय का?"

"नाही. अंगानं भरलाय. तुमच्या पडद्याची ती चष्म्याची पिशवी अजून वापरतो. रविवारी फोन करीन म्हणालाय तुम्हाला."

"म्हणालाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही तो शब्द किती वजनाचा ते माहीत होतं. ताटातलं बोटानं उगाच इकडचं तिकडे करत त्या म्हणाल्या, "पण खोलीच नाही म्हटल्यावर तो येईल कशाला?"

"खोली होती तेव्हा आला का, आजी?" धाकटी या वेळी हळू बोलली.

"अगं, पण तुझ्या वन्संचं काय?" नवरा घाईघाईनं म्हणाला. दुसरीकडे कुठंतरी विषय न्यावा म्हणून त्यानं तो नेमका तिथंच नेला. "खोली उघडलीच आहे तर पंधरा दिवस त्या चौघांतल्या दोघांना... म्हणजे तू ये नंतर... बघू."

तिनं हात धुतला. पदर नव्हता, नाहीतर खोचला असता. ओढणीला हात पुसून ती टेबलापाशी उभी राहिली. आवाज चढवला नाही. चार भाषांत ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली.

"बघायचं काही राहिलेलं नाही. वन्सं आणि त्यांची माणसं हॉलमध्ये झोपतील. गाद्या पुरेशा आहेत. तुम्ही त्यांच्यात झोपा, नाहीतर माझ्याबरोबर आत या, पण आत यायचं तर आठच्या आत, नंतर दार उघडणार नाही. त्याचं सामान गॅलरीत आहे, काही हरवलेलं नाही, तो मागेल तेव्हा मिळेल. आई, मालिका बघा, आवाज बारीक ठेवा. मी आजपासून त्या खोलीत झोपणार आहे. मोसम संपल्यावरसुद्धा."